काट्यावर चढलेलं घर

दार ओढताना जरा वर उचलून ओढा, नाहीतर लागत नाही. हां, असं. आता बसा त्या बाकावर. इकडेतिकडे बघू नका, मीच बोलतेय. तुम्ही जिच्यात बसलात तीच मी. पुढून बघाल तर मालवाहू गाडी, मागून बघाल तर पडदे लावलेली खोली. लोक मला मोटारहोम म्हणतात.

माझा स्वभाव भारी चौकस. माणसं माझ्या पोटात झोपतात, भांडतात, दात घासतात, हरवलेला चष्मा शोधतात. त्यामुळे बघायला पुष्कळ मिळतं, कळतं मात्र त्याच्या निम्मंच. एक कोडं तर मला सुरुवातीपासून पडलंय. माणूस एखाद्या जागेला घर केव्हा म्हणतो? भिंती उभ्या राहिल्या की? किल्ली हातात आली की? या एका प्रश्नावर माझं सगळं नशीब टांगणीला लागलं होतं, म्हणून विचारते.

माझा जन्म दोनदा झाला. पहिल्यांदा एका अवाढव्य कारखान्यात. तिथे मला इंजिन मिळालं, चाकं मिळाली, केबिन मिळाली, आणि पाठ उघडीच ठेवून त्यांनी मला बाहेर काढलं. माझ्याबरोबरच्या बहिणी कोणी फर्निचर वाहायला गेल्या, कोणी औषधांची खोकी. मला मात्र एका पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. तिथल्या सुतारांनी माझ्या पाठीवर भिंती उभ्या केल्या, छत चढवलं, ओटा बसवला, पलंग केला, एवढ्याशा जागेत संडाससुद्धा कोंबला.

त्या शेडमधले मोठे मिस्त्री माझ्या छताचे सांधे भरताना म्हणाले होते, "घराने हलायचं नसतं आणि गाडीने एका जागी बसायचं नसतं. हिला दोन्ही करायला लावणार लोक. सांधे धरणार बिचारीचे." तेव्हा मला त्यांचा राग आला होता. नव्या कोऱ्या पोरीला असं बोलतात का कोणी? पण मिस्त्री खरं तेच बोलले होते.

मग मी विक्रीच्या आवारात उभी राहिले. विकत घ्यायला येणारी माणसं हा बघण्यासारखा प्रकार असतो. आत आल्या आल्या ती पलंगावर बसतात आणि दोनदा उसळून बघतात. मग फ्रिज उघडतात, जसं काही आत जेवण वाढून ठेवलंय. मग सगळी कपाटं उघडून बंद करतात आणि "किती छान जागा काढलीय!" म्हणतात. शिडी लावून छतावर चढणारा माणूस मला तिथे एकही भेटला नाही. गादी उचलून कोपऱ्यातला वास घेणारा तर नाहीच नाही. सोफ्याचा रंग मात्र प्रत्येकाने विचारला.

अशात एक दिवस ही दोघं आली.

तो नुकताच निवृत्त झालेला. हमरस्त्यावरच्या नाक्यावर ट्रकचं वजन करायचा काटा असतो ना, जमिनीत बसवलेला, तशा काट्यांवर त्याची सगळी नोकरी गेली. बदली झाली की नाका बदलायचा, काम तेच. ट्रक चढायचा, हा केबिनीतून आकडा वाचायचा, माल जास्त भरला असेल तर परत पाठवायचा. ड्रायव्हर लोक त्याला काटेवाले म्हणायचे. तेच नाव त्याला चिकटलं. समोरून जाणारा प्रत्येक ट्रक कुठे ना कुठे निघालेला, आणि हा मात्र काट्यापाशीच. "कुठे निघालात?" एवढं विचारायचा आणि ते सांगतील त्या गावाचं नाव मनात घोळवत बसायचा.

त्याची बायको शिवणकाम करणारी. आजूबाजूचे सगळे तिला काकू म्हणत, म्हणून मीही म्हणते. नवऱ्याच्या बदल्यांपायी तिचा जन्म सरकारी क्वार्टरांत गेला. बदली झाली की भांडीकुंडी आणि मशीन उचलायचं आणि दुसऱ्या क्वार्टरात मांडायचं. भिंतीत खिळा ठोकायचा तरी परवानगी लागायची. तिला दोन खोल्या हव्या होत्या. स्वतःच्या, कोणी उठवणार नाही अशा, आणि एका खिडकीपाशी मशीन.

आता मला सांगा, यातलं चूक कोणाचं? एकाला आयुष्यभर जायचं होतं, एकीला आयुष्यभर राहायचं होतं. आणि साठवलेल्या पुंजीत दोन्ही बसत नव्हतं.

ती दोघं माझ्याच बाकावर बसून बोलली. शेवटी काकू म्हणाल्या, "एक वर्ष बघू. वर्षभरात मला ही घर वाटली तर राहू. नाहीतर विकायची, आणि मिळतील तिथे दोन खोल्या घ्यायच्या. मग कुरकुर चालायची नाही."

"नाही करणार."

"शब्द?"

"शब्द."

अशी मी त्यांची झाले, पण वर्षाच्या बोलीवर. सून घरात आणावी आणि सांगावं, बाई, आवडलीस तर ठेवू, तसंच ते.

नव्याचे नऊ दिवस मजेत गेले. काटेवाले केबिनीत बसून शीळ घालत. पण माझी गाऱ्हाणी हळूहळू वर यायला लागली. माझा फ्रिज फार मानी आहे. मी जरा तिरकी उभी राहिले की तो थंड करायचं सोडून देतो. मग दर मुक्कामाला एक खेळ चाले. काकू ओट्यावर पाण्याने भरलेला ग्लास ठेवून बघत बसायच्या आणि ओरडायच्या, "उजवीकडून वर घ्या! अहो, उजवीकडून! तुमच्या नाही, माझ्या उजवीकडून!" काटेवाले चाकाखाली फळ्या सरकवायचे. ग्लासातलं पाणी सपाट होईस्तोवर चहा नाही. मग पायरीची मोटर बिघडली. मग पाण्याचा पंप कोणी नळ सोडलेला नसतानाही टकटक करायला लागला. संडासाची टाकी रिकामी करणं हे निवृत्तीनंतरचं काम आहे, हे काटेवाल्यांना विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. ते काम ते श्वास रोखून करत आणि परत आल्यावर बराच वेळ कोणाशी बोलत नसत.

पहिला जोराचा पाऊस लागला आणि पलंगाच्या उशाशी ओल आली. काकूंनी बोटाने भिंत दाबली, तर भिंत आत गेली. त्या काहीच बोलल्या नाहीत. न बोलणाऱ्या काकू ही बोलणाऱ्या काकूंपेक्षा गंभीर गोष्ट असते, एवढं मी तोवर शिकले होते.

काटेवाले मला घेऊन गाडीच्या वर्कशॉपात गेले. तिथला मॅनेजर म्हणाला, "इंजिन, चाकं, केबिन आमची. मागच्या खोलीशी आमचा संबंध नाही." मग ते शेडमध्ये गेले. शेडवाले म्हणाले, "छत आमचं खरं, पण खालची गाडी पिळवटली म्हणून सांधा उघडला. तो दोष गाडीवाल्यांचा." परत वर्कशॉप, परत शेड. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तशी माझी गत. माझी दोन्ही माहेरं श्रीमंत, पण दुखणं आलं की दोघंही हात झटकून मोकळी.

शेवटी शेडवाल्यांनी मला ठेवून घेतलं, तेव्हा एक गोष्ट या दोघांच्या ध्यानात आली. दुसऱ्यांची गाडी गॅरेजमध्ये गेली की ते रिक्षाने घरी जातात. यांची गाडी गॅरेजमध्ये गेली की घरही तिच्याबरोबर जातं. दोघं दोन पिशव्या घेऊन काकूंच्या धाकट्या बहिणीकडे राहायला गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. बहीण म्हणाली होती, "ताई, लोकांचे पाहुणे येतात गं, तुझं अख्खं घर पाहुणं येतं."

काकू हसल्या म्हणे. पण मी दुरुस्त होऊन परत आले तेव्हा त्यांनी कॅलेंडर काढून किती महिने उरलेत ते पाहिलं.

आता खरी गोष्ट ऐका.

एका दुपारी माझं मागचं टायर फुटलं. टायरवाल्याने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "काका, मागे वजन फार भरलंय तुम्ही. कमी करा, नाहीतर दुसरंही जाईल."

"वजनातलं मला नका सांगू," काटेवाले म्हणाले. "आयुष्य गेलंय त्यात." आणि काकूंकडे वळून म्हणाले, "बघ, मी सांगत होतो. ही भांडी."

काकूंनी खरोखरच संसार भरला होता. मोठा कुकर, लोखंडी तवे, पितळी डबे, कापडाचे तागे, आणि लोखंडी पायांचं शिलाई मशीन. घर वाटायला पाहिजे तर घरासारखं भरायला नको का? पण गाडी रस्त्यात बसली तर आणखी वाईट, म्हणून त्या एकेक वस्तू काढायला लागल्या. वाटेत बहिणीचं गाव आलं की काहीतरी तिच्याकडे उतरायचं. आधी तवे गेले. मग डबे. मग कुकर. काटेवाले प्रत्येक वस्तू हातात धरून अंदाजे वजन सांगायचे, आणि ते अगदी बरोबर असायचं. तरी माझी मागची चाकं दबलेलीच. शेवटी ते म्हणाले, "आता मशीनच उरलंय."

मशीन उतरवलं त्या दिवशी काकू बराच वेळ खिडकीखालच्या मोकळ्या जागेकडे बघत बसल्या. तिथे फरशीवर लोखंडी पायांचे चार डाग उरले होते. मला तेव्हा इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. आणि संतापही आला, कारण मला माहीत होतं.

माझ्या पलंगाखाली, अगदी मागच्या टोकाला, एक खण आहे. त्यात काटेवाल्यांनी स्वतःच्या जुन्या गणवेशात गुंडाळून काहीतरी ठेवलं होतं. काकूंना वाटायचं गाडीची हत्यारं असतील. ती होती लोखंडाची वजनं. काटा बरोबर आहे की नाही हे तपासायला वरच्या कडीला धरून उचलायची ठोकळ्यासारखी भलीमोठी वजनं असतात, ती. वर्षानुवर्षं घासून ती नेमकी राहिली नव्हती, म्हणून बाद झाली होती. निरोपाच्या दिवशी नाक्यावरच्या सोबत्यांनी ती यांना थट्टेने भेट दिली, आणि यांनी ती जिवापाड जपली. महिन्याकाठी तेलाचा हात फिरवायचे त्यांच्यावरून.

लबाडी म्हणाल तर तीही नव्हती. मी या माणसाला आतून बाहेरून ओळखते. वजनाला स्वतःचं वजन असतं, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. जन्मभर त्याने दुसऱ्यांचं सामान मोजलं. वजनांनी दुसऱ्याला मोजायचं, त्यांना कोणी मोजायचं नसतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी माझ्या परीने ओरडत होते, प्रत्येक खड्ड्यात मागून कण्हत होते. त्यांनी माझ्या स्प्रिंगांना वंगण लावलं.

वर्ष संपत आलं होतं. एका घाटात मी अर्ध्यावर थांबले, इंजिनातून वाफा निघाल्या. कसंबसं मला वर आणलं. माथ्यावर लाकडाची मोठी वखार होती आणि तिच्या दाराशी ट्रकचा वजनकाटा.

"चढवा हिला," काकू म्हणाल्या.

"कशाला? माझा अंदाज..."

"चढवा म्हणते ना."

मी काट्यावर चढले. काट्याच्या केबिनीत एक बाई बसल्या होत्या. बाहेरच्या भिंतीवर लाल आकडे लुकलुकले आणि थांबले. आकडा माझ्या पाटीवर लिहिलेल्या मर्यादेच्या चांगलाच वर होता. तवे गेले, डबे गेले, मशीन गेलं, आणि तरी वर.

काटेवाल्यांनी आकडा वाचला, पुन्हा वाचला. चेहरा लाल झाला. म्हणाले, "तुमचा काटा चुकतोय."

काट्यावरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सगळे हेच म्हणतात, काका."

काकूंनी पदर तोंडाला लावला. हे वाक्य त्यांचा नवरा आयुष्यभर रोज घरी येऊन सांगायचा, ड्रायव्हरांची नक्कल करून. पण काटेवाले आता हट्टाला पेटले होते. "तपासून बघू. तपासायची वजनं आहेत का?"

"ती इथे कुठली? साहेब आणतात, वर्षातून एकदा."

"माझ्याकडे आहेत!"

आणि काय सांगू तुम्हाला, तो माणूस छाती फुगवून मागे आला, पलंगाखालचा खण उघडला आणि एक वजन दोन्ही हातांनी उचलून काट्याबाहेर जमिनीवर ठेवलं. माझी मागची बाजू किंचित वर आली. भिंतीवरचा आकडा खाली आला.

त्याचं लक्ष नव्हतं. काकूंचं होतं.

त्याने दुसरं आणून ठेवलं. आकडा आणखी खाली. तिसरं ठेवून तो घाम पुसायला थांबला, तेव्हा काकू म्हणाल्या, "थांबू नका. अजून आणा."

"पुरे होतील एवढी."

"सगळी आणा."

तेव्हा त्याने वर पाहिलं. मग हातातल्या वजनाकडे पाहिलं. मग अगदी हळू जाऊन एकेक करत सगळी आणली, आणि शेवटचं ठेवलं तेव्हा आकडा मर्यादेच्या चांगलाच आत आला होता. काट्यावरच्या बाई खिडकीतून डोकावून म्हणाल्या, "अहो काका, ही तर बाद झालेली वजनं. यांनी माझा काटा तपासणार होतात?"

काटेवाले त्या लोखंडाच्या ढिगावरच बसले. "वजनांचं वजन मी धरलंच नव्हतं गं," ते म्हणाले.

काकूंनी एवढंच विचारलं, "माझं मशीन किती भरलं असेल हो?"

त्याला माहीत होतं. वजनाच्या बाबतीत त्याला सगळं माहीत असायचं. "यातली दीड," तो म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

ती वजनं आम्ही तिथेच ठेवून आलो. वखारीचं दार वाऱ्याने आपटायचं, त्याला टेकू म्हणून त्या बाईंनी एक लावलं सुद्धा. तिथून काटेवाल्यांनी मला सरळ बहिणीच्या गावाला नेलं. बहिणीने मशीनवर टीव्ही मांडला होता. तिने कुरकुरत तो उतरवला. मशीन परत त्याच खिडकीखाली आलं, आणि उतारावर सरकू नये म्हणून काटेवाल्यांनी त्याचे पाय फरशीला स्क्रूने पक्के केले. काकूंनी पहिल्याच दिवशी माझे पडदे उसवून नव्याने शिवले. मग मुक्कामाच्या जागी शेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांतली माणसं यायला लागली. कोणाची चेन तुटलेली, कोणाची पँट लांब, कोणाच्या तंबूला भोक. काकूंना दुपारी मान वर करायला वेळ मिळेना.

काटेवाल्यांना मात्र ती गोष्ट लागून राहिली. वर्ष पुरं झालं त्या दिवशी ते म्हणाले, "तू घर मागितलंस, आणि मी तुझ्याकडून होतं तेही काढून घेतलं. आता मी विचारणारच नाही. गाडी विकू. मी एकाला बोलावलंय."

काकू "बरं" म्हणाल्या. तेवढंच. हो की नाही, काही कळेना. मी त्यांच्या बोटांकडे बघत राहिले, पण शिवताना माणसाची बोटं काही सांगत नाहीत.

दोन दिवसांनी एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको मला बघायला आले. बाहेर चिखल होता. काटेवाल्यांनी त्यांना माझे सगळे दोष सांगितले, एकही लपवला नाही. फ्रिजचा मानीपणा, पंपाची टकटक, छताचा सांधा, दोन माहेरांची टोलवाटोलवी, सगळं. डॉक्टर हो हो म्हणत होते आणि सोफ्याचा रंग बघत होते. काटेवाल्यांनी खिशातून किल्ली काढली. माझी त्या वेळी काय अवस्था झाली ते मी सांगत नाही. वर्षभर मी बाईला गळकं छत दिलं, तिचे तवे नेले, तिला बहिणीच्या दारात उभं केलं. कोणत्या तोंडाने म्हणणार होते मी, की मला ठेवा?

डॉक्टरांनी आत यायला माझ्या पायरीवर पाय ठेवला.

मशीनवर वाकलेल्या काकू मान वर न करता म्हणाल्या, "चपला बाहेर काढा हं. घरात नको चिखल."

डॉक्टरांचा पाय तिथेच थांबला. काटेवाल्यांचा हात किल्लीसकट थांबला. मशीन आणखी दोन टाके चालून थांबलं. काकूंनी स्वतःचंच बोलणं ऐकलं असावं, कारण त्यांनी मान वर केली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"विकायची आहे ना पण?" डॉक्टर म्हणाले.

काटेवाले इतक्या हलक्या आवाजात बोलले की मला केबिनीतून कान द्यावा लागला. "वर्ष परवाच संपलं गं."

"मग दुसरं लागलं असेल," काकू म्हणाल्या आणि त्यांनी सुईत दोरा ओवला.

काटेवाल्यांनी किल्ली खिशात टाकली, आणि चष्मा पुसण्याच्या निमित्ताने ते माझ्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले. डॉक्टरांच्या बायकोने जाताना पर्सची तुटलेली चेन मात्र काकूंकडून लावून घेतली.

तर अशी मी. अजून फ्रिज रुसतो, अजून दार वर उचलून ओढावं लागतं. कोणी मला वा माझ्यासारखीला घ्यायला निघालं असेल तर त्यांना सांगा, पलंगावर उसळू नका, छतावर चढा. सगळं सामान भरून एकदा काट्यावर चढवा, आणि सगळं म्हणजे सगळं.

आणि माझं एक काम करा. छताच्या मागच्या सांध्याला पुन्हा बारीक भेग गेलीय. काटेवाल्यांचे गुडघे दुखतात, म्हणून ते शिडी चढायचं आज उद्या करतायत. मला काही त्यांना सांगता येत नाही. तुम्ही उतरताना सांगा, पावसाच्या आत बघून घ्या म्हणावं. मागच्या खेपेला पाणी गाडीत गळलं होतं. आता गळलं तर ते काकूंच्या घरात गळेल, आणि ते मला सोसणार नाही.